तुम्ही मूळचे कुठले?

आमच्या नानांना कुणी वाटेत नुसता नमस्कार केला तरी ते त्याला सोडत नाहीत. नमस्काराला उत्तर म्हणून ते विचारतात, "आपण मूळचे कुठले?" यातल्या 'मूळचे'वर त्यांचा जोर असतो. 'कोथरूड' हे उत्तर त्यांना चालत नाही. कोथरूडचा मूळचा कुणी असूच शकत नाही, सगळे कुठून तरी आलेले, असं त्यांचं म्हणणं. आणि भूमी अभिलेख खात्यात अख्खी नोकरी काढलेल्या माणसाशी या विषयावर वाद घालण्यात अर्थ नसतो. समोरचा मग मुकाट्यानं वाई, अंबाजोगाई, संगमेश्वर असं काहीतरी सांगतो. नाना सरसावून बसतात. "संगमेश्वर! म्हणजे कसबा की नावडी?"

पद्धत ठरलेली. आधी आडनाव, मग गाव, मग आजोळ, आणि एवढ्यानंही माणूस हाती लागला नाही तर कुलदैवत. फारच निसटता कुणी निघाला तर 'तुमच्या धाकट्या काकू कुठल्या?' हा प्रश्न राखून ठेवलेला. दहा मिनिटांच्या आत नातं निघतंच. ते साधारणपणे 'आपल्या सांगलीच्या आत्याच्या जावेच्या भाच्याचे साडू' इतक्या अंतरावरचं असतं, पण नानांच्या लेखी सख्खंच. एकदा नवऱ्यानं सिग्नल तोडला, मागे नाना बसलेले. हवालदार पावतीपुस्तक काढेपर्यंत नानांनी त्याचं आजोळ काढलं होतं. ते निघालं आमच्या शेजारच्या गावात. हवालदार गहिवरला, नानांच्या पाया पडला, दंड पुरेपूर वसूल केला आणि वर बहिणीच्या लग्नाचं आमंत्रण दिलं. म्हणजे दंड गेला तो गेलाच, शिवाय आहेर.

ओळख काढणं हे जात काढण्याचं सभ्य नाव आहे, असं माझं मत लग्नाआधीपासून आहे. आमचा प्रेमविवाह. मी पहिल्यांदा घरी गेले तेव्हा नानांनी चारही प्रश्न विचारले आणि चौथ्यानंतर घटकाभर गप्प बसून म्हणाले, "चहा घेणार ना?" तो चहा मी विसरलेली नाही. नाना म्हणतात, "मी आयुष्यात कुणाला जात विचारली का, सांग." नाही विचारली. विचारायची वेळच येत नाही. आडनाव, गाव आणि कुलदैवत सांगितल्यावर आणखी उरतं काय? हा वाद आमच्या घरात वर्षानुवर्षं चालला होता आणि पुण्यात राहिलो असतो तर आजही चालला असता.

पण 2023 साली नवऱ्याची बदली मॉरिशसला झाली. नानी गेल्यापासून नाना एकटे, त्यांना मागे ठेवणं शक्य नव्हतं. नानांनी नकाशा काढला, क्षेत्रफळ पाहिलं. 1,865 चौरस किलोमीटर. "पुणे जिल्ह्यात अशी आठ बसतील," ते म्हणाले. "एवढ्याशा जागेत माणसं ती किती असणार, आणि त्यात आपली किती?" साडेबारा लाखांच्या आसपास, आणि त्यात मराठी लोकही आहेत, दीडशे वर्षांपूर्वी कोकणातून गेलेले, असं नवऱ्यानं सांगितलं. त्या रात्री नानांनी स्वतःची बॅग स्वतः भरली.

विमानतळावरच सुरुवात झाली. पासपोर्ट तपासणारा अधिकारी रंगारूपानं आपल्याकडचा, छातीवरच्या पट्टीवर नावही आपल्याकडचं. त्यानं हिंदीत विचारलं, किती दिवस राहणार? नाना म्हणाले, "वो लडका बताएगा. आप मूल के कहाँ के?" तो म्हणाला, इथलाच, त्रिओलेचा. "वो ठीक है, उसके पहले?" पहले बिहार, शायद. "बिहार में कौनसा जिल्हा?" मागे शंभरेक माणसं उभी. अधिकाऱ्यानं एकवार नानांकडे पाहिलं आणि काही न बोलता शिक्का मारला. "जिल्हा माहीत नाही म्हणजे काय?" हे नाना गाडीत बसल्यावर घरी पोचेपर्यंत म्हणत होते.

आमचं घर कात्र बोर्नला. पुण्यातल्या नातेवाइकांची समजूत अशी, की आम्ही सकाळी उठून वाळूत पडतो, दुपारी नारळपाणी पितो आणि संध्याकाळी पुन्हा वाळूत पडतो. प्रत्यक्षात कात्र बोर्न हे बेटाच्या मधल्या पठारावरचं, रहदारीचं, दुकानांचं गाव. समुद्र बघायला सुट्टीच लागते. जून-जुलै हा इथला हिवाळा. बारीक पाऊस, वारा, न वाळणारे कपडे. थोडं वर क्युरपिपला गेलं तर आणखी पाऊस. तिथले लोकच चेष्टेनं म्हणतात, की आमच्याकडे दोन ऋतू, एक पावसाळा आणि दुसरा पावसाचा. मी स्वेटर घातलेला फोटो पाठवला तर नणंदेनं विचारलं, "महाबळेश्वरला कधी गेलात?" तिला अजून खरं वाटलेलं नाही.

बाकी घडी हळूहळू बसली. इथलं घड्याळ भारताच्या दीड तास मागे, त्यामुळे पुण्याच्या ऑफिसची दहाची मीटिंग मी साडेआठला पोळ्या लाटता लाटता ऐकते. लेकीनं शाळेच्या मैदानावर क्रेओल उचललं आणि वर्गात फ्रेंच, आणि दोन्हींत आम्हाला दुरुस्त करायला लागली. संध्याकाळी पाच-सहा वाजता दुकानांची शटरं खाली येतात, हे मात्र नानांना पचेना. त्यांचा खरा दिवस पुण्यात सहाला सुरू व्हायचा, कट्ट्यावर. "माणसं घरात जाऊन बसली तर विचारायचं कुणाला?"

त्याहून मोठा धक्का सूर्यानं दिला. नानांची नोकरी दिशांवर गेलेली. सूर्य डोक्यावरून दक्षिणेकडे कलतो हे त्यांना श्वास घेण्याइतकं पक्कं. पहिल्या आठवड्यात भर दुपारी ते सूर्याकडे तोंड करून दक्षिण ठरवून निघाले, आणि पूर्वेचा बाजार गाठायला पश्चिमेला चालत सुटले. एका बस कंडक्टरनं त्यांना परत आणून सोडलं. (त्या कंडक्टरचंही आजोळ विचारून झालं होतं; त्याला प्रश्न कळला नव्हता.) मी समजावलं, की आपण विषुववृत्ताच्या वीस अंश खाली आलोय, इथं हिवाळ्यातला दुपारचा सूर्य उत्तरेला असतो. म्हणून तर घरमालकानं गच्चीवरचा पाणी तापवायचा सौरबंब उत्तरेकडे तोंड करून बसवलाय. नानांनी गच्चीवर जाऊन होकायंत्रानं खात्री केली. "मग तसा शेरा तरी मारून ठेवायला हवा कुठे," ते म्हणाले. संकष्टीला कालनिर्णयमधला चंद्रोदय जुळेना तेव्हा मात्र त्यांनी शेऱ्याची वाट पाहिली नाही. ताट वाढून घेऊन खिडकीशी बसले, चंद्र दिसला तेव्हा जेवले.

शनिवारी भाजीबाजार. तिथं नाना रमले. भाज्या सगळ्या ओळखीच्या, नावं तेवढी नवी: भेंडीला लालो, दोडक्याला पिपंगाय, कारल्याला मार्गोझ. दालपुरीच्या गाडीपाशी तर त्यांनी नातंच काढलं. ही दालपुरी इथला वडापाव समजा: डाळीची पूड भरलेल्या मऊ पातळ पोळ्या, जोडीनंच मिळतात, मधे घेवड्याचा रस्सा, लोणचं, हिरवी चटणी, आणि कागदात गुंडाळून हातात. नानांनी उभ्या उभ्या एक जोडी खाल्ली आणि निकाल दिला, "पुरणपोळीची धाकटी बहीण. गूळ विसरलेली." भाज्यांशी नाती जुळत होती. माणसांशी जुळेनात.

आमचा नेहमीचा टॅक्सीवाला मराठी निघाला. मराठी म्हणजे मॉरिशसचा मराठी, तिशीतला, वाक्वाकडचा. घरात क्रेओल बोलणारा, शाळेत मराठी शिकलेला. नाना पुढच्या सीटवर बसले आणि कित्येक आठवड्यांनी त्यांचा चेहरा फुलला. "आडनाव काय तुझं?" त्यानं जे सांगितलं ते आडनाव नव्हतंच, कुणाच्या तरी बारशाला ठेवलेलं नाव होतं. "हे नाव झालं. आडनाव?" तेच आडनाव, काका. "बरं, गाव?" वाक्वा. "मूळ गाव?" महाराष्ट्र. "महाराष्ट्रात कुठं?" टॅक्सीवाल्यानं स्टिअरिंगवरचा एक हात उचलून क्षितिजाकडे केला.

कुलदैवताचा प्रश्न नानांनी विचारलाच नाही. पहिलीच पायरी निखळल्यावर चौथीवर चढणार कसं?

दोष त्या मुलाचा नव्हता. 2 नोव्हेंबर 1834 रोजी 'अ‍ॅटलास' नावाचं जहाज ऊसमळ्यांसाठी करारानं बांधलेले पहिले मजूर घेऊन पोर्ट लुईला लागलं. पुढच्या काही दशकांत साडेचार लाखांवर माणसं आली. बहुतेक कलकत्त्याहून, काही मद्रासहून, आणि थोडी मुंबईहून. मुंबईच्या जहाजांत रत्नागिरीकडची बरीच. धक्क्यावर गोऱ्या साहेबाच्या कारकुनानं नाव विचारलं, बापाचं नाव विचारलं, आणि कानाला जे ऐकू आलं ते वहीत उतरवलं. पुढच्या पिढ्यांना त्यातलंच एखादं नाव आडनाव म्हणून चिकटलं. म्हणून इथं आडनावाच्या जागी कुणाचे तरी खापरपणजोबा बसलेले असतात. पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटावर आम्ही नानांना घेऊन गेलो. 2006 साली ती जागा जागतिक वारसा यादीत गेली. दगडी पायऱ्या अजून आहेत, त्या चढून माणसं कचेरीत जायची. नाना पायऱ्यांपाशी बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "एका कारकुनानं केवढा घोळ घालून ठेवलाय." स्वतःच्या खात्यातल्या कारकुनांबद्दल ते इतकं कडक कधी बोलले नव्हते.

त्यानंतर काही दिवस त्यांनी कुणालाच काही विचारलं नाही. भाजीवालीलाही नाही. नवऱ्याला वाटलं, ताप वगैरे आहे की काय.

त्यातून त्यांना बाहेर काढलं तळमजल्यावरच्या दादींनी. या दादी सत्तरीच्या, भोजपुरी घरातल्या. सकाळभर इमारतीच्या दारात प्लास्टिकची खुर्ची टाकून पालेभाजी निवडत बसतात. त्यांची भोजपुरी, वर टीव्हीवरच्या मालिकांतून मिळवलेली हिंदी, आणि मधूनमधून क्रेओल, असं त्यांचं बोलणं. नाना खाली उतरले. दादींनी पाटीतली एक जुडी त्यांच्या हातात दिली, म्हणजे निवडा. आणि विचारायला सुरुवात केली.

मी गॅलरीतून सगळं ऐकत होते. दादींना आमच्या मूळ गावात काडीचा रस नव्हता. इंडिया म्हणजे इंडिया, तिथलं तिथं. त्यांना हवं होतं ते इथलं. घर कुणी दाखवलं? तो? तो माझ्या जावेच्या भावाचा मुलगा. भाडं किती घेतो? फार घेतो, मी सांगते त्याला. नातीच्या वर्गावर कोण बाई आहेत? हां, त्यांची आई आणि मी एका शाळेत. मुलाचा साहेब कोण? त्याची ही दुसरी बायको, पहिली रोझ हिलला असते. पालेभाजी संपली तेव्हा दादींना माझं माहेर, नवऱ्याचा पगार, नानींचं शेवटचं आजारपण आणि नानांची पेन्शन एवढं सगळं ठाऊक झालं होतं. पेन्शनचा आकडा रुपयांत आणि वर मॉरिशसच्या रुपयांत. हा आकडा नानांनी माझ्या नवऱ्याला कधी सांगितलेला नाही. मला आत्ता गॅलरीत उभी राहून कळला.

नाना वर आले ते घामाघूम. पाणी प्यायले. म्हणाले, "बाई जबरदस्त आहे." दुसऱ्या दिवशी ते आपली खुर्ची घेऊनच खाली गेले.

तेव्हापासून त्यांची पद्धत बदलली. 'कुठले' सुटलं, 'कुणाचे' आलं. या बेटावर ते बरोबर चालतं. इथं कुणीही कुणाचा तरी कुणीतरी असतोच, तीन माणसांपलीकडे अनोळखी माणूस सापडत नाही. नाना पहिलं क्रेओल वाक्य शिकले ते "कोट ऊ रेस्ते?", म्हणजे तुम्ही राहता कुठं. उच्चार थेट सदाशिव पेठी, पण लोक थांबून उत्तर देतात. गॅसवाला, पाववाला, मेट्रोच्या स्टेशनवरचा रखवालदार. मेट्रोबद्दल तर नानांना घरचं कार्य असावं तसा अभिमान, कारण ती एल अँड टीनं बांधली. रखवालदाराला ते हे दर वेळी सांगतात.

गणपतीत टॅक्सीवाल्यानं आम्हाला घरी नेलं. गणेश चतुर्थीची इथं सरकारी सुट्टी असते, साऱ्या देशाला. वाक्वाच्या त्या घरात जमलेली माणसं आपसात क्रेओल बोलत होती, पण आरत्या सुरू झाल्या आणि एकेक कडवं स्वच्छ, पाठ, न अडखळता. आपल्याकडे दुसऱ्या कडव्यानंतर जे गुणगुणणं सुरू होतं आणि टाळ्यांचा आवाज वाढतो, तसं काही नाही. आम्ही तिघं मोठी माणसं नुसते ओठ हलवत होतो. शेजारी एक मराठीचे शिक्षक उभे होते. इथल्या शाळांत मराठी शिकवतात. त्यांनी अत्यंत आदबीनं नानांना विचारलं, "आपले येथे आगमन कधी झाले?" नाना म्हणाले, "जूनमध्ये लँड झालो." आणि चपापले. त्यानंतर त्या शिक्षकांशी बोलताना नाना प्रत्येक वाक्यापूर्वी क्षणभर थांबायचे, खिशात सुटे पैसे चाचपतात तसे.

रात्री अंगणात झाकरी झाली. पायात घुंगरू बांधून पुरुष गोल धरून नाचायला लागले आणि नाना ताडकन उठले. हे त्यांच्या रत्नागिरीकडचं जाखडी नृत्यच होतं. पावलं तीच, गिरकी तीच. लहानपणी ते गावात नाचलेले. ते सरळ गोलात शिरले. गुडघ्याचं पुढे काय झालं ते सांगत नाही, पण तीन दिवस दादींना पालेभाजी एकटीनं निवडावी लागली.

मग जानेवारी आला. जानेवारी म्हणजे इथला भर उन्हाळा आणि वादळांचे दिवस. वादळाच्या इशाऱ्याचे चार वर्ग असतात. पहिला लागला की लोक पाव, मेणबत्त्या आणि डबाबंद सार्डिन घ्यायला धावतात. तिसरा लागला की घराबाहेर पडायचं नाही. चौथा लागतो तेव्हा वाऱ्याचे झोत ताशी 120 किलोमीटरच्या घरात पोचलेले असतात. 15 जानेवारी 2024 ला 'बेलाल' वादळ बेटाजवळून गेलं. पोर्ट लुईच्या रस्त्यांवर इतकं पाणी आलं की गाड्या तरंगत गेल्या. त्याच दिवशी मकरसंक्रांत होती. तिळगूळ मी आदल्या दिवशी करून ठेवला होता.

दुपारनंतर आमच्या इमारतीतले दिवे गेले. पंखे बंद, खिडक्या बंद, बाहेर वारा घोंघावतोय. नानांनी स्टीलचा डबा काढला, टॉर्च घेतली आणि निघाले. नवरा म्हणाला, "नाना, बाहेर जायचं नाहीये." नाना म्हणाले, "इमारतीच्या बाहेर जायचं नाहीये. आणि आज सगळे घरात सापडणार." वर्षभरात ओळख काढायला याहून चांगला मुहूर्त मिळणार नाही, हे त्यांच्या लक्षात आलं होतं आणि आमच्या आलं नव्हतं.

परत आले तेव्हा डबा रिकामा होता आणि इमारतीची खातेवही तयार होती. तिसऱ्या मजल्यावरचे चिनी आजोबा, दुकानदार. त्यांचे वडील चीनमधल्या मेइश्येनहून आलेले, हाक्का लोक. त्यांनी नुसतं गाव सांगितलं नाही, भिंतीवरचा पूर्वजांचा फोटोही टॉर्चच्या उजेडात दाखवला. "इथं आल्यापासून मूळ गाव नीट सांगणारा पहिला माणूस भेटला," नाना म्हणाले. त्यांनी आजोबांना तिळगूळ दिला, आजोबांनी त्यांना सार्डिनचा डबा दिला. आम्ही शाकाहारी आहोत हे सांगायला नानांकडे क्रेओल नव्हतं.

पहिल्या मजल्यावरच्या नर्सबाईंबद्दल त्यांनी जेवताना सांगितलं. त्या क्रेओल. त्यांचे पूर्वज गुलाम म्हणून आणलेले, मोझांबिककडून की मादागास्करहून ते त्यांनाही ठाऊक नाही. 1835 साली इथली गुलामी कायद्यानं संपली, पण त्याआधीच्या कागदांत आडनावच नाही, बापाचं नाव नाही, गाव तर नाहीच. मालकानं ठेवलेलं एक नाव, बस. "आपल्या टॅक्सीवाल्याला निदान कारकुनानं विचारलं तरी," नाना म्हणाले आणि भातावर ताक घेतलं.

टॅक्सीवाल्याचं प्रकरण नानांनी सोडलेलं नव्हतं. मोका इथं महात्मा गांधी इन्स्टिट्यूट आहे, तिथं त्या मजुरांच्या नोंदवह्या जपून ठेवल्यात. वंशजांना कागदपत्रं दाखवून आपल्या पूर्वजाची नोंद मागता येते. म्हणजे उताराच की हा! नानांना घरी आल्यासारखं वाटलं. टॅक्सीवाल्याच्या घरातले जन्माचे आणि लग्नाचे दाखले त्यांनी पिढीवार लावून दिले, वारसनोंदीला लावतात तसे, पेन्सिलीनं क्रमांक टाकून. टॅक्सीवाल्याची आई म्हणाली, एवढी आमची कुळी आम्हालाच कधी कुणी सांगितली नव्हती.

उतारा मिळाला. 1850च्या दशकात मुंबईहून आलेला माणूस. त्याचा क्रमांक, नाव, बापाचं नाव, वय, उंची, अंगावरची खूण. जिल्हा 'रुटनाघेरी'. हे नानांनी एका दमात वाचलं. जातीच्या रकान्यात 'महरट्टा'. इथं नाना भिंग घेऊन थांबले. "हे जात म्हणून लिहिलंय की मुलूख म्हणून? त्या काळी साहेबाला सगळेच..." टॅक्सीवाल्यानं त्यांना पुढे बोलू दिलं नाही. "काका, आम्ही मराठी. इथं एवढंच असतं." नानांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर बघत होते, अगदी मन लावून. त्यांनी भिंग पुढच्या रकान्यावर सरकवलं आणि तो विषय आमच्या घरात पुन्हा निघालेला नाही.

पुढचा रकाना गावाचा. तिथं 'पाल' एवढी अक्षरं आहेत आणि नंतर शाईचा डाग.

कोकणात 'पाल'नं सुरू होणारी गावं किती आहेत हे तुम्हाला माहीत असेल, मला नव्हतं. रत्नागिरीजवळची पाली, गुहागरचं पालशेत, दापोलीचं पालगड, मंडणगडची पालवणी, लांज्याचं पालू. नानांनी खात्यातल्या निवृत्त सहकाऱ्यांना कामाला लावलं. व्हॉट्सअ‍ॅपवर उताऱ्याचा फोटो फिरला. इथले नऊ वाजले की तिकडे साडेदहा, म्हणजे कोकण निजलेलं, तरी फोन चालूच. आठवड्याभरात तीन गावांतून ठाम निरोप आले, की तो माणूस आमचाच. एका गावानं त्याच्या घराचा चौथराही दाखवायचं कबूल केलं. दुसऱ्या गावात नाकाच्या ठेवणीवरून पटलं. तिसऱ्यानं टॅक्सीवाल्याच्या नावानं देवळाच्या सभामंडपाची पाच हजार एक रुपयांची पावती पाठवली, रक्कम नंतर दिली तरी चालेल या बोलीवर. टॅक्सीवाल्याच्या आईला तिन्ही गावं पसंत आहेत. पुढच्या वर्षी मुलगा आणि ती कोकणात जाणार आहेत, नाना सोबत असणारच, आणि तोवर एक गाव नक्की व्हायला हवं असं नानांचं म्हणणं. डागाखालची अक्षरं वाचता येतात का, म्हणून ते मोक्याला पुन्हा जाऊन आले. येत नाहीत.

म्हणून नानांच्या सांगण्यावरून इथं लिहिते. रत्नागिरी जिल्ह्यात 'पाल'नं सुरू होणाऱ्या कुठल्याही गावातल्या कुणाच्या घराण्यात, 1850 ते 1860च्या सुमारास मुंबईला म्हणून गेलेला आणि परत न आलेला कुणी असेल, तर कृपया कळवावं. आडनाव माहीत नाही. आजोळ माहीत नाही, कुलदैवतही नाही. वय तेव्हा बावीस, उंची पाच फूट तीन इंच, डाव्या भुवईवर व्रण. सभामंडपाच्या पावत्या पाठवू नयेत.